इलोइलोची अचाट पोरं (आणि पडद्याआडच्या पोरी)

इंजिनरूम

मर्चंट नेव्हीतल्या मंडळींना 'इलोंगो' कोण हे सांगायला नको. बाकीच्यांसाठी: फिलिपिन्सच्या मधोमध पनाय नावाचं बेट आहे, त्यावर इलोइलो शहर. तिथले आणि शेजारच्या नेग्रोस बेटाच्या पश्चिमेकडचे हिलिगायनॉन भाषा बोलणारे ते इलोंगो. इलोइलोत नाविक शिक्षणाच्या संस्था भरपूर, त्यामुळे जगात कुठल्याही जहाजावर जा, दोन-चार इलोंगो भेटतातच. बोलणं असं गोड की हे भांडतायत की लाडात आलेत ते कळू नये, अशी इतर फिलिपिनोच त्यांची चेष्टा करतात.

मेसमध्ये जेवणानंतर गावाकडच्या बढाया सुरू झाल्या की ही मंडळी एकच मुद्दा लावून धरतात: आमच्याकडची पोरं लहानपणीच चमकतात. आता कोल्हापूरचा माणूस कुस्तीबद्दल आणि पुण्याचा माणूस कशाहीबद्दल असंच बोलतो, म्हणून मी आधी सोडून दिलं होतं. पण सुट्टीत त्यांनी घेतलेली नावं एकेक करून वाचत गेलो, आणि वाटलं यावर धागा काढायलाच हवा.

सुरुवात ग्रासियानो लोपेझ हाएनापासून. जन्म १८५६, गाव हारो. हारो आज इलोइलो शहराचाच भाग आहे, पण तेव्हा स्वतंत्र गाव होतं. घरची गरिबी, आई शिवणकाम करायची. सहाव्या वर्षी पोराला एका पाद्र्याकडे शिकायला ठेवलं. मुलाच्या जिभेवर काहीतरी वेगळं आहे हे त्या पाद्र्याच्या लक्षात आलं. आईची इच्छा मुलानं पाद्री व्हावं. मुलानं काय केलं, तर वयाच्या अठराव्या वर्षी, १८७४ मध्ये, 'फ्राय बोतोद' नावाची गोष्ट लिहिली. त्यातला पाद्री ढेरपोट्या, लोभी आणि बायकांच्या मागे लागणारा. छापायची सोयच नव्हती, स्पॅनिश राजवटीत ते मरण होतं. हस्तलिखितं हातोहात फिरली. पुढे हा स्पेनला पळाला, वैद्यकीचं शिक्षण सोडलं, सभा गाजवल्या आणि १८८९ च्या फेब्रुवारीत बार्सिलोनात 'ला सोलिदारिदाद' हे फिलिपिनो सुधारकांचं पाक्षिक काढलं. पहिला संपादक हाच. १८९६ मध्ये तिथेच क्षयानं गेला, अगदी कफल्लक. वय ३९.

त्याच हारोतली दुसरी व्यक्ती म्हणजे मागदालेना हालांदोनी, आणि खरं तर हा धागा तिच्यासाठीच आहे. जन्म १८९१. दहाव्या वर्षी कविता. बाराव्या वर्षी एक 'कोरिदो' छापून आला. कोरिदो म्हणजे पद्यात रचलेली लांबलचक अद्भुतकथा, आपल्या जुन्या आख्यानांसारखी. सोळाव्या वर्षी, १९०७ मध्ये, कादंबरी. नावाचा अर्थ साधारण 'एका फुलाचे काटे'. वडील लवकर गेलेले, घरी जमीनजुमला होता, आणि आईला मुलीचं हे लिहिणं अजिबात पसंत नव्हतं. चांगल्या घरच्या मुलीनं प्रेमकथा लिहायच्या म्हणजे काय! ही लिहीत राहिली. लग्न केलं नाही. १९७८ मध्ये वारली तेव्हा तिच्या नावावर तीसहून जास्त कादंबऱ्या, शंभरावर कथा आणि कवितांचा ढीग होता.

मला जास्त कौतुक याचं वाटतं: ती दहा वर्षांची होती तेव्हा स्पॅनिश जाऊन अमेरिकन आले होते. नव्या शाळांत इंग्रजी सुरू झालं होतं आणि पुढचे हुशार फिलिपिनो लेखक इंग्रजीकडे वळणार हे दिसतच होतं. हिनं जन्मभर हिलिगायनॉन सोडली नाही. त्यामुळे मनिलात तिला पुष्कळ वर्षं कुणी विचारलं नाही. सरकारी सांस्कृतिक पुरस्कार मिळाला १९७७ मध्ये, मरणाच्या आदल्या वर्षी.

संगीतात गिलोपेझ काबायाओ. जन्म १९२९, नेग्रोसचा, घरातच वाद्यं आणि वाजवणारी माणसं. १९५० मध्ये, विशीत, न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये व्हायोलिन वाजवलं. तिथे राहिला असता तर तिथलाच झाला असता. परत आला आणि गावोगावच्या शाळांत, चौकांत, बास्केटबॉलच्या मैदानांवर बाख वाजवत फिरला. १९७२ चा मॅगसेसे पुरस्कार त्याला यासाठी मिळाला. आपल्याकडे मॅगसेसे म्हटलं की चिंतामणराव देशमुख आणि बाबा आमटे आठवतात, त्याच माळेत हा व्हायोलिनवाला बसलेला आहे हे मला माहीत नव्हतं.

आणि बुद्धिबळात युजीन तोरे. जन्म १९५१, इलोइलो शहर. १९७४ मध्ये आशियातला पहिला ग्रँडमास्टर. त्यावर इथले जाणकार बोलतीलच.

एका बेटाच्या एका कोपऱ्यातून हे सगळे कसे निघाले? माझं मत असं की पाण्यात काही नव्हतं, बंदरात होतं. १८५५ मध्ये स्पॅनिशांनी इलोइलो बंदर परदेशी व्यापाराला खुलं केलं. दुसऱ्या वर्षी निकोलस लोनी हा ब्रिटिश व्यापारी उपवाणिज्यदूत म्हणून आला. त्यानं उसाची यंत्रं उधारीवर दिली आणि नेग्रोसवर साखरेचे मळे उभे राहिले. तिथल्या बायकांचा हातमागाचा मोठा धंदा मात्र मँचेस्टरच्या स्वस्त कापडापुढे बसला. साखरेच्या पैशातून हवेल्या आल्या, हवेल्यांत पियानो आले. हारोत बिशपची गादी आली, सेमिनरी (पाद्री घडवणारी शाळा) आली. मांदुर्रियाओत छापखाना निघाला. नाटक मंडळ्या आल्या. पोरगी दहाव्या वर्षी कविता करते हे आईबापांखेरीज कुणाला कळायचं असेल, तर जवळपास छापखाना लागतो.

---

सोनचाफा

सुंदर धागा. १९०७ वाचून दचकलेच! त्याच वर्षी जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाच्या सतरा वर्षांच्या मुलाला 'बालकवी' म्हणायला सुरुवात झाली. दोघांच्या जन्मात जेमतेम एका वर्षाचं अंतर. बालकवी १९१८ मध्ये भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली गेले, आणि ही बाई पुढची साठ वर्षं लिहीत होती. बालपणी चमकलेल्यांपैकी पुढेही लिहीत राहिलेले किती, हा खरा प्रश्न आहे. कारण कौतुक बंद झाल्यावर काय करायचं हे कुणी शिकवत नाही.

तिच्या कादंबऱ्या छापायचं कोण? आई विरोधात, भाषा प्रादेशिक. आपल्याकडे त्या काळात काशीबाई कानिटकरांसारख्यांना निदान घरातून पाठिंबा तरी होता.

---

शंकेखोर

लेख आवडला, पण वय सांगणाऱ्या गोष्टी मी चिमटीत धरूनच वाचतो. फिलिपिन्सचंच उदाहरण देतो (इलोंगो नव्हे, मनिलाकडचे तागालोग).

होजे रिझाल हे त्यांचे राष्ट्रपुरुष. जन्म १८६१, आईनं तिसऱ्या वर्षी मुळाक्षरं शिकवली वगैरे. तिथल्या शाळांत पिढ्यान् पिढ्या एक कविता शिकवली गेली, आपल्या भाषेवर प्रेम करा असं सांगणारी. रिझालनं ती आठव्या वर्षी लिहिली म्हणे. आता पाहा. रिझालच्या हस्ताक्षरात ही कविता नाही. ती पहिल्यांदा छापली गेली १९०६ मध्ये, म्हणजे त्याला गोळ्या घातल्यानंतर दहा वर्षांनी, तीही ऐकीव हवाल्यावरून. १८६९ च्या सुमाराला तागालोग लिहायची ती स्पॅनिश वळणानं, 'सी' आणि 'यू' ही अक्षरं वापरून. छापील कवितेत मात्र 'के' आणि 'डब्ल्यू' आहेत, आणि ही नवी लेखनपद्धती रूढ करण्यात मोठेपणीच्या रिझालचा स्वतःचाच हात होता. आठ वर्षांच्या मुलानं वीस वर्षं पुढचं शुद्धलेखन वापरलं म्हणायचं का? तिथल्या आजच्या इतिहासकारांपैकी बरेच जण ही कविता त्याची मानत नाहीत.

गंमत म्हणजे रिझालला या दंतकथेची गरजच नव्हती. अठराव्या वर्षी, १८७९ मध्ये, मनिलात स्पॅनिश काव्यस्पर्धेचं पहिलं बक्षीस त्यानं घेतलं होतं, आणि त्याला कागदोपत्री पुरावा आहे. पण लोकांना अठरा पुरत नाही, आठ लागतात.

म्हणून विचारतो, हालांदोनीचं दहावं वर्ष कशावरून?

---

आगाऊ_कार्टं

आठ काय घेऊन बसलात. उत्तर लुझोनच्या इलोकानो लोकांच्या महाकाव्यात लाम-आंग नावाचा नायक जन्मल्या जन्मल्या बोलतो, स्वतःचं नाव स्वतःच सांगतो आणि नऊ महिन्यांचा असताना बापाचा सूड घ्यायला निघतो. आमच्या सोसायटीतल्या काही आया त्यालाही म्हणतील, आमचा तर सहाव्या महिन्यात निघाला होता.

(हलकेच घ्या.)

---

इंजिनरूम

@शंकेखोर, प्रश्न रास्त आहे. दहाव्या वर्षाच्या कविता तिच्या स्वतःच्या आठवणींवरून येतात, बालपणावर तिनं सविस्तर लिहिलं आहे. तेवढ्याला तुम्ही चिमटीत धरा, माझी हरकत नाही. कादंबरीचं तसं नाही. ती छापील आहे, साल आहे, जन्मतारीख आहे, वजाबाकी आपण करू शकतो. त्याच वर्षी आंखेल मागाहुम या ज्येष्ठ लेखकाची 'बेन्जामिन' आली. हिलिगायनॉनमधली पहिली कादंबरी म्हणून तिचं नाव घेतात. म्हणजे या भाषेत कादंबरी हा प्रकार जन्माला येत होता, तेव्हा ती तिथे होती. सोळा वर्षांच्या मुलीसमोर नमुना म्हणून कोरिदो आणि संतचरित्रं होती, तिच्या भाषेतली कादंबरी नव्हती. माझ्या दृष्टीनं वयापेक्षा हे मोठं आहे.

@सोनचाफा, तिचं नशीब म्हणा, पण हिलिगायनॉन वाचणारा वर्ग तयार होत होता. १९१३ मध्ये रोसेन्दो मेहिका यांनी 'माकिनाउगालिंगोन' हे वृत्तपत्र काढलं. तीसच्या दशकात 'हिलिगायनॉन' नावाचं साप्ताहिक आलं आणि घराघरांत गेलं. क्रमशः कादंबऱ्यांचा जमाना तिथेही होता. शिवाय बाईकडे स्वतःची मिळकत होती, लिहून पोट भरायची वेळ नव्हती. तिच्या १९३५ च्या एका कादंबरीची नायिका दुकान चालवणारी तरुण मुलगी आहे. बाई मोठ्या घरातली, पण डोळे रस्त्यावर.

---

वजीर_उडाला

बुद्धिबळाचा उल्लेख आला म्हणजे माझी पाळी.

धागाकर्त्याशी थोडा वाद. तोरे २२ व्या वर्षी ग्रँडमास्टर झाला. आजच्या हिशेबानं हे वय पेन्शनीचं. आपला परिमार्जन नेगी तेराव्या वर्षी झाला होता. तोरेला बालप्रतिभावंत म्हणायचं तर व्याख्या ताणावी लागेल. पण १९७४ मध्ये काय होतं ते लक्षात घ्या. आशियात एकही ग्रँडमास्टर नाही. किताबासाठी निकष पुरे करायचे तर युरोपात जाऊन खेळा, तिकिटाचे पैसे कुणाकडे? संगणक नाही, रशियन पुस्तकं मिळाली तर मिळाली. नीसच्या ऑलिम्पियाडमध्ये पहिल्या पटावर रौप्य मिळवून पोरानं किताब खेचून आणला. भारताला पहिला ग्रँडमास्टर मिळायला त्यानंतर १४ वर्षं लागली, आनंद, १९८८.

त्याचा खरा पराक्रम १९७६ चा. मनिलात चौघांची दुहेरी फेरीची स्पर्धा: विश्वविजेता कार्पोव्ह, ल्युबोयेविच, वॉल्टर ब्राउन आणि यजमान म्हणून तोरे. तोरेनं कार्पोव्हला हरवलं आणि स्पर्धाही जिंकली. विश्वविजेता झाल्यापासून कार्पोव्ह सगळीकडे पहिलाच येत होता, त्याला मागे टाकणारा हा पहिला.

१९७६ म्हटलं की आपल्या माणसांना दुसरंही आठवेल. त्याच वर्षी मुंबईची रोहिणी खाडिलकर तेराव्या वर्षी राष्ट्रीय महिला विजेती झाली. तिच्याआधी वासंती आणि जयश्री या तिच्या बहिणी. वडिलांनी तिघींना घरी पट मांडून दिला होता. १९८१ मध्ये रोहिणी आशियाई विजेती. इलोइलोचं घर असो की खाडिलकरांचं, पट मांडणारं माणूस घरात लागतं.

आता आनंदची गोष्ट, कारण त्याचा धागा थेट तिथे जातो. १९७८ मध्ये फिलिपिन्समधल्याच बागुइओला कार्पोव्ह-कोर्चनॉय यांची जगज्जेतेपदाची लढत झाली. तीच ती, दही आणि मानसशास्त्रज्ञ आणि आरशाच्या चष्म्यांवरून वाद झालेली. तीन महिने चालली. सगळ्या फिलिपिन्सला बुद्धिबळाचं वेड लागलं. त्याच सुमारास आनंदचे वडील रेल्वेच्या कामासाठी मनिलात होते आणि हे आठ-नऊ वर्षांचं पोरगं तिथल्या शाळेत. टीव्हीवर भर दुपारी बुद्धिबळाचा कार्यक्रम लागायचा, शेवटी एक कोडं द्यायचे. पोरगं शाळेत, म्हणून आई कोडं लिहून ठेवायची. संध्याकाळी सोडवून उत्तर पाठवायचं, जिंकलं की पुस्तक बक्षीस. इतक्यांदा जिंकला की शेवटी त्यांनी त्याला बोलावून सांगितलं: हवी तेवढी पुस्तकं घेऊन जा, पण आता उत्तरं पाठवू नकोस!

आईनं पट शिकवला चेन्नईत, पण वेड लावलं मनिलानं. तोरे नसता तर बागुइओ नसतं असं मी म्हणणार नाही, ते घडवलं काम्पोमानेस या खटपट्या संघटकानं. पण दुपारी एक वाजता बुद्धिबळ दाखवणारं टीव्ही चॅनल मिळायला घरचा एक ग्रँडमास्टर असावाच लागतो.

---

पारावरचा

सगळं छान. पण यादी पाहता हाएना सोडला तर बाकी सगळे पियानोवाल्या घरांतले. त्या मळ्यांत ऊस तोडणाऱ्यांची पोरं काय मठ्ठ होती? बालप्रतिभा ही बहुतेक वेळा सुबत्तेचं दुसरं नाव असते. आपल्याकडेही तेच.

---

इंजिनरूम

@पारावरचा, मळ्यांबद्दल तुमचं बरोबर आहे, आणि तिथल्या पोरांची नावं मला कुठेच सापडली नाहीत. पण पियानो आणि छापखाना दोन्ही नसलेल्या माणसांची एक गोष्ट सापडली आहे. मूळ लेखात घालणार होतो, लांबला म्हणून ठेवून दिली.

पनाय बेटाच्या मधोमध डोंगर आहेत. तिथे राहणाऱ्यांना पनाय बुकिदनोन किंवा सुलोदनोन म्हणतात. किनाऱ्यावरच्या इलोंगोंचे ते दूरचे भाऊबंद, पण स्पॅनिश पाद्री आणि साखरवाले दोघांपासूनही फटकून राहिलेले. यांच्याकडे 'सुगिदानोन' म्हणजे गाऊन सांगायची महाकाव्यं आहेत. त्यातलं 'हिनिलावोद' सगळ्यांत गाजलेलं. अलुनसिना ही देवी, मर्त्य राजा पाउबारी, आणि त्यांचे तीन मुलगे: लाबाव दोंगगोन, हुमादापनोन, दुमालापदाप. (आगाऊ_कार्टं यांच्या माहितीसाठी: हे तिघेही जन्मल्यावर लगेच मोठे होतात आणि बायका शोधायला निघतात.) नोंदवलेला मजकूर २८ हजार ओळींच्या वर आहे आणि पूर्ण गायला तीन दिवस लागतात. भाषा जुनी, आजच्या तरुणांना न कळणारी.

लिपी नाही, पुस्तक नाही. मग हे राहायचं कुठं? 'बिनुकोत' मुलींच्या डोक्यात.

बिनुकोत म्हणजे घरात झाकून ठेवलेली मुलगी. घरातली देखणी, बहुतेक वेळा गोरीशी मुलगी लहानपणीच निवडायची आणि खोलीत ठेवायची. ऊन लागू द्यायचं नाही, परक्या पुरुषाच्या नजरेस पडू द्यायचं नाही. शेतावर काम नाही. पाय जमिनीला लागू नयेत म्हणून बाहेर न्यायची वेळ आली तर झोळीत घालून. लग्नात तिच्यासाठी मुलाकडून घसघशीत देणं घ्यायचं. आणि या बंद खोलीत आजी किंवा आई, जी स्वतः कधीकाळी बिनुकोत होती, तिला महाकाव्य शिकवायची. ओळीमागून ओळ, वर्षानुवर्षं. बरोबर भरतकाम. लग्नाच्या वयापर्यंत या मुलीच्या तोंडी हजारो ओळी असायच्या.

हे जगाला कळलं ते पन्नासच्या दशकात. एफ. लांदा होकानो नावाचे तरुण मानववंशशास्त्रज्ञ, ते स्वतः पनायचेच, डोंगरात ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन चढले. पुढे नव्वदच्या दशकात आलिसिया मागोस यांनी कालिनोगच्या फेदेरिको काबाल्येरो यांच्याबरोबर आणखी काव्यं नोंदवली. काबाल्येरो हे पुरुष. लहानपणी घरातल्या म्हातारीचं गाणं झोपायच्या वेळी ऐकून ऐकून ते शिकले. २००० मध्ये सरकारनं त्यांना 'राष्ट्रीय जिवंत ठेवा' हा सन्मान दिला. कालिनोगच्या डोंगरात मुलांना हे शिकवणारी शाळाही निघाली.

आता सांगा, हालांदोनी सोळाव्या वर्षी एक कादंबरी लिहिते आणि आपण टाळ्या वाजवतो. त्याच बेटावर, पन्नास-साठ किलोमीटरांवर, तिच्याच वयाची पोरगी तीन दिवस पुरेल एवढं काव्य तोंडपाठ घेऊन बसलेली असणार, आणि तिचं नाव कुठेही नाही.

---

सोनचाफा

ही माहिती पूर्ण नवी आहे. वाचनखूण साठवली.

---

ओसरी

मला मात्र हे वाचून आनंद झाला नाही, राग आला. लहान मुलीला ऊन लागू द्यायचं नाही, चालू द्यायचं नाही, आणि हे कशासाठी, तर लग्नात भाव वाढावा म्हणून. ती पाठांतरात तरबेज झाली यात नवल काय, दुसरं करायला होतं काय? याला प्रतिभा म्हणून मिरवणं मला जड जातं. वेदपाठशाळेतल्या मुलांचं कौतुक ऐकतानाही मला हेच वाटतं, पण निदान ती पोरं मैदानात धावतात तरी.

---

इंजिनरूम

@ओसरी, राग योग्यच आहे. दुसऱ्या महायुद्धात जपानी आले तेव्हा डोंगरातली माणसं रानोमाळ पळाली, आणि चालायची सवय नसलेल्या या मुलींचे हाल झाले. प्रथा मोडायला तेही एक कारण झालं. नंतर शाळा आल्या, आणि मुलींनाच ते नको झालं. आज ज्या थोड्या वृद्ध बायका उरल्या आहेत त्यांच्यानंतर कुणी बिनुकोत होणार नाही, आणि होऊही नये.

तरी एका गोष्टीवर अडतो. सगळ्याच बिनुकोत सारख्या गायिका नव्हत्या. खोली सगळ्यांना सारखी होती, काही जणींना थोडं यायचं, काहींना सगळं. गाताना त्या नुसतं पाठ म्हणत नाहीत. ठरलेल्या ओळी आणि विशेषणांचा साठा हाताशी ठेवून प्रसंग लांबवतात, आटोपतात, समोर कोण बसलं आहे ते बघून वळवतात. तेवढं खोलीनं दिलेलं नसतं. मुलीवर झालेला अन्याय आणि मुलीची बुद्धी, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

---

शंकेखोर

इथे मी धागाकर्त्याच्या बाजूनं. रिझालच्या आठ वर्षांपेक्षा हा पुरावा मला भक्कम वाटतो: ध्वनिफीत आहे, गाणारी आहे, तपासता येतं. फक्त 'बालप्रतिभा' सिद्ध होत नाही. आपण ऐकतो ते म्हातारपणीचं गाणं. ती बाई दहाव्या वर्षी काय गात होती, ते ऐकणारी तिची आजीच होती.

---

दाव्होकर

पुतणी फिलिपिन्समधल्याच दाव्होला एमबीबीएसला समकक्ष कोर्स करते आहे, लातूर-नांदेडकडची पुष्कळ मुलं आहेत तिथे. सुट्टीत इलोइलोला जायचं म्हणते. पाहण्यासारखं काय?

---

इंजिनरूम

@दाव्होकर, हारोला जाऊ द्या. चर्चचा घंटाघर-मनोरा चर्चला चिकटून नाही, रस्त्याच्या पलीकडे चौकात उभा आहे, लगेच सापडेल. हालांदोनीचं राहतं घर संग्रहालय म्हणून जपलं आहे, तिनं स्वतः केलेल्या बाहुल्यांचे इतिहासातले देखावे तिथे आहेत. फेब्रुवारीच्या २ तारखेला हारोची कांदेलारियाची जत्रा असते, गर्दी आवडत असेल तर तेव्हा. आणि 'ला पाझ बाचोय' नावाचा नूडल्सचा रस्सा मिळतो, पण त्यात डुकराचं काळीज-आतडी असतात. पुतणी शाकाहारी असेल तर आधीच सांगून ठेवा.

---

आगाऊ_कार्टं

@वजीर_उडाला, वेस्ली सो पण इलोंगोच का?

---

वजीर_उडाला

नाही, तो मनिलाजवळच्या काविते प्रांतातल्या बाकोरचा. डिसेंबर २००७ मध्ये चौदा वर्षं दोन महिने पुरे व्हायच्या आत ग्रँडमास्टर. पुढे अमेरिकेकडून खेळायला लागला, तिथला राष्ट्रीय विजेता झाला, आणि २०१९ मध्ये फिशर रँडममध्ये (मागच्या रांगेतली मोहरी चिठ्ठीनं मांडून खेळायचं बुद्धिबळ) कार्लसनला हरवून जगज्जेता. व्याख्येप्रमाणे अस्सल बालप्रतिभावंत तोच.

पण माझं मत तोरेलाच. २०१६ चं बाकूचं ऑलिम्पियाड काढून बघा: वय ६४, तिसरा पट, अकरा डावांत दहा गुण, एकही हार नाही, वैयक्तिक कांस्य. नातवंडांच्या वयाची पोरं समोर बसली होती. सोनचाफा यांनी वर विचारलं ना, कौतुक बंद झाल्यावर पुढे काय करायचं, तर हे असं काहीतरी. डावांचे दुवे कुणाला हवे असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.